ताशी नोंद

रात्री दोन. आत २९.४, खोलीत २५.
आकडा, टिंब, आकडा, शेवटी सही.
मणेराजुरीच्या सबस्टेशनात एकतीस वर्षं
अशाच ओळी भरल्या मी.
व्होल्ट, अँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान,
कुणी वाचो न वाचो.

आता समोर थर्माकोलचं खोकं आहे,
मिरजेच्या मासळीवाल्याकडचं,
तीनदा धुतलं तरी थोडं समुद्राचंच राहिलेलं.
आत डब्यात नारळाचा भुसा,
मुठीत दाबला तर थेंब पडू नये,
पण तळहाताला ओल कळावी एवढाच ओला.
त्यावर धामणीची अकरा अंडी.

सावळज रस्त्याला बेदाण्याच्या शेडचा पाया खणताना
जेसीबीच्या दातात येता येता राहिली.
मुलाण्यांच्या आफरीननं ती ओंजळीत उचलली,
प्रत्येकावर पेन्सिलीनं फुली मारली.
"फुली वरच राहू दे काका,
अंडं उलटलं की आतला जीव जातो."
वनखात्याचं पत्र झाकणाला चिकटवलं
आणि ती परीक्षेला कोल्हापूरला गेली.

पहिल्या आठवड्यात मी मूर्खच ठरलो.
साठचा बल्ब लावला, काटा छत्तीसवर.
पंधराचा लावला, पहाटे सव्वीस.
थर्मोस्टॅट रात्रभर टक टक करत राहिला,
आणि त्याची तार मी टांगली होती बल्बच्या शेजारी.
म्हणजे चार दिवस मी
दिव्यालाच दिव्याचा ताप विचारत होतो.

दुपारी उलटी पंचाईत.
पत्र्याखाली एकोणचाळीस.
खोकं उचलून माठाच्या तिवईखाली ठेवलं,
वर ओलं पोतं.
उचलताना श्वास धरला, फुल्या मोजल्या,
अकरा, सगळ्या वर.

"पाण्याच्या बाटल्या ठेवा आत," आफरीन फोनवर म्हणाली.
चार बाटल्या ठेवल्या, भरून, बुचं घट्ट लावून.
दिवा पेटला तरी पाणी लगेच तापत नाही,
विझला तरी लगेच निवत नाही.
त्या दिवसापासून टकटक कमी झाली.
मीही जरा झोपलो.

एकविसाव्या दिवशी सात नंबर
हिरवट पडलं, बसलं.
चमच्यानं काढून जास्वंदीखाली पुरलं.
सात नंबरची ओळ मात्र
मला अजून मोकळी सोडावी लागते,
खोडता येत नाही.

मग वळिवाची ती रात्र.
अकरा चाळीसला फीडर गेला.
सबस्टेशनला फोन लावला.
नवा पोरगा, तोंडात काहीतरी चघळत,
"थोडा वेळ लागंल, काका."
हे वाक्य माझं होतं.
पिठाच्या गिरणीवाल्याला, मांडवातल्या मुलीच्या बापाला,
आणि एका बाईला, जी फक्त
"मशीन बंद पडलंय हो" एवढंच म्हणाली होती,
कसलं मशीन ते मी विचारलं नव्हतं.
चहा गार होईल म्हणून फोन ठेवला होता.

खोक्याला वाकळ गुंडाळली.
बॅटरी तोंडात धरून नोंदी केल्या.
१२ वाजता २९.६.
१ वाजता २९.३.
२ वाजता २९.१.
तीन वाजून पाच मिनिटांनी लाईट आली तेव्हा २८.९.
साडेतीन तासांत पाऊण डिग्री सुद्धा नाही.
चार बाटल्यांनी ती रात्र ओढून नेली.
मी नुसता सही करणारा.

आज त्रेसष्टावा दिवस.
पाच वाजून दहा मिनिटं.
तीन नंबरच्या फुलीजवळ ब्लेडनं मारावी तशी चीर,
चिरेतून ओलसर नाकाडं, पेन्सिलीच्या टोकाएवढं,
बाहेर येईना, आतही जाईना,
नुसतं श्वास घेत बसलेलं.

वहीत शेवटचा रकाना असतो, शेरा.
एकतीस वर्षं तिथं मी एकच शब्द लिहिला, निरंक.
पेन तिथं टेकवलं.
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
नाकाडं जरा पुढं आलं. जीभ.
मग नऊ नंबरलाही चीर दिसली.

उजाडल्यावर वही पाहिली.
५ ची ओळ, ६ ची ओळ,
तापमान लिहायचं राहूनच गेलं होतं.